एकसष्ट नंबरची चकती

प्रयोगशाळेत तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'तराजू'. हे दुसरं नाव तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही. तिचं काम प्रकाश मोजण्याचं. संस्थेत कुणी नवा पदार्थ बनवला की त्याचा नखाएवढा तुकडा तिच्या टेबलावर यायचा. ती त्यातून एकेका रंगाचा प्रकाश सोडायची, किती आत मुरला आणि किती पलीकडे गेला ते मोजायची आणि आलेख हातात ठेवायची. त्यात कुणाची भीड नाही की मुर्वत नाही. एकदा खुद्द संचालकांनी मोठ्या कौतुकाने पाठवलेल्या तुकड्यावर तिने तीनच शब्दांचा शेरा मारला होता, 'ही काच आहे.' तेव्हापासून तिच्या आलेखावर कुणी शंका घेतली नाही.

तिची धाकटी बहीण त्याच संस्थेत, मागच्या इमारतीत होती. सहा वर्षांनी लहान. थोरली हाताला लागेल ते मोजणार आणि धाकटी हाताला लागेल ते तापवणार, असं आई लहानपणापासून म्हणायची, आणि झालंही तसंच. धाकटी निर्वात भट्टीत अर्धवाहकाचे थर वाढवायची. अणूंच्या एका रांगेवर दुसरी रांग, दुसरीवर तिसरी. तासाभरात केसाच्या जाडीचा जेमतेम शंभरावा भाग. त्या भट्टीपाशी ती रागावत नसे, घाई करत नसे, शिंकतसुद्धा नसे. बाहेर मात्र तिच्या जिभेला हाड नव्हतं.

दुपारी दोघी मागच्या पायरीवर बसून डबा खायच्या. एकीच्या डब्यातलं दुसरीने न विचारता उचलायचं आणि मग 'मीठ कमी आहे' म्हणून नावं ठेवायची, हा रोजचा नेम. बघणारा म्हणाला असता, यांचं पटत नाही. पण एखाद्या दिवशी धाकटी आली नाही तर थोरलीचा डबा अर्धा तसाच घरी जायचा.

हे सगळं बारा वर्षांपूर्वीचं.

त्या वर्षी संचालकांच्या मनात भट्टीची इमारत दुसऱ्या विभागाला द्यायचं आलं. तसं सरळ म्हणता येईना, म्हणून समिती नेमली. भट्टीतून खरोखर चांगला माल निघतो का, ते सिद्ध करा, मग बघू. धाकटीने तीन महिने खपून एक चकती तयार केली. एकसष्टावी. तिच्या पोटात, दोन थर मिळतात तिथे, तिने मुद्दाम विजेचा ताण ठेवला होता. बाहेरून तार न जोडता, आपल्या आपण आत राहणारा ताण.

अर्धवाहकाची गोष्ट अशी, की प्रकाशाच्या बाबतीत त्याची एक ठाम हद्द असते. हद्दीच्या वरच्या ऊर्जेचा प्रकाश तो गिळतो, खालचा तसाच आरपार सोडून देतो. पण त्यात विजेचा ताण असेल तर ही हद्द सैल पडते. जो प्रकाश एरवी आरपार गेला असता, त्यातलाही थोडा आत राहायला लागतो. आणि हद्दीच्या वरच्या अंगाला शोषणाच्या आलेखावर बारीक बारीक लाटा उठतात. मात्र या लाटा दिसायला पदार्थ अतिशय स्वच्छ लागतो. जरा गढूळ असला की त्या विरून जातात.

थोरलीने चकती मोजली. हद्द सैल होती, आणि वर लाटा होत्या.

"बघ!" धाकटी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "मोज, किती आहेत!"

"लाटा आहेत," थोरली म्हणाली. "पण कशाच्या, ते कळत नाही. थराच्या दोन्ही तोंडांवर प्रकाश उसळला तरी अशाच लाटा येतात. आणि माल अशुद्ध असला तरी हद्द अशीच सैल दिसते."

"अशुद्ध? माझा माल?"

"तुझा कुणाचा असं नसतं. माल तो माल."

"बरं. मग मला दोन आठवडे दे. मी दोन्ही अंगांना सोन्याचा पातळ मुलामा देते, तारा जोडते. आपण बाहेरून ताण कमीजास्त करू. लाटा सरकल्या तर माझ्या, नाही सरकल्या तर तुझ्या. आहे काय त्यात!"

आणि खरंच त्यात काही नव्हतं. पण अहवाल चार दिवसांत द्यायचा होता. थोरली मुदत वाढवून मागायला संचालकांकडे गेली. ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा नमुना असता, तर मागितली असती मुदत?"

एवढंच म्हणाले. पण ते तिच्या वर्मी लागलं. ती खोलीत परत आली, अहवाल लिहायला बसली. आधी तिने लिहिलं, 'आलेखावरील लाटा थराच्या पृष्ठभागांमुळे असाव्यात.' मग ते वाक्य तिला मिळमिळीत वाटायला लागलं, बहिणीला झाकल्यासारखं. तिने 'असाव्यात' खोडलं आणि लिहिलं 'आहेत'. त्याखाली लिहिलं, 'नमुना सदोष.' आणि सही केली.

भट्टी बंद झाली. धाकटीची बदली कागदपत्रांच्या विभागात झाली, ती तिने घेतली नाही. ज्या दिवशी ती सामान न्यायला आली, त्या दिवशी थोरलीच्या दाराशी थांबून तिने एकच वाक्य टाकलं. "परक्याने मोजलं असतं, तर दोन आठवडे मिळाले असते मला."

मग ती दूरच्या शहरात गेली. दिवसभराच्या बसप्रवासावर. तिथेच नोकरी धरली, तिथेच लग्न केलं. लग्नाला आई गेली. थोरलीला निरोप आला नाही असं नाही. पण तो आईकरवी आला, आणि 'यायचं असेल तर ये' असा आला. असल्या निरोपावर कोण जातं? ती गेली नाही. नंतर किती वेळा तिला वाटलं, की जायला हवं होतं, कोपऱ्यात उभं राहून परत आले असते तरी चाललं असतं.

बारा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. रविवारी सकाळी दहाला धाकटीचा फोन आईला यायचा. फोन वाजला की थोरली स्वयंपाकघरात जायची, आपल्याला काही देणंघेणं नाही अशी. तिथे गेली की ती नळ बंद करायची, पातेल्याखालचा गॅस बंद करायची आणि ओट्याला टेकून उभी राहायची. आईचे शब्द तेवढे ऐकू यायचे. 'हो का?' 'मग ताप उतरला?' 'अगं, दात पडायचेच या वयात.' त्या एकतर्फी बोलण्यातून थोरलीला समजलं की भाची झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, डावखुरी आहे, आकड्यांत हुशार आहे आणि हट्टी आहे. हट्टी कुणावर गेली, हे आईने दोघींनाही सांगितलं असणार.

आई दर उन्हाळ्यात महिनाभर तिकडे जायची. परत आली की चारदोन फोटो टेबलावर 'विसरायची'. थोरलीही ते टेबल पुसायला विसरायची. आठ-पंधरा दिवसांनी फोटो तिच्या कपाटात गेलेले असायचे आणि त्यावर दोघी मायलेकी एक अवाक्षर काढायच्या नाहीत.

यंदा संस्थेत नवं काम आलं. काचेच्या तंतूंतून प्रकाशाने निरोप पाठवतात, तिथे प्रकाशाची झडप लागते: ताण दिला की प्रकाश अडला, ताण काढला की गेला, असं सेकंदाला अब्जावधी वेळा. अशा झडपा तपासायच्या होत्या. त्याआधी यंत्र जुळवून घ्यायला एखादी जुनी जाड चकती हवी होती, बिघडली तरी हळहळ वाटू नये अशी. थोरलीने नमुने कोरडे ठेवायच्या डब्यांचं कपाट उघडलं. मागच्या रांगेत एका डबीवर धाकटीच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'एकसष्ट'. शेजारी थोरलीच्या स्वतःच्या अक्षरात, तांबड्या शाईने, 'सदोष'.

ती डबी हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, सदोषच तर हवी आहे, आणि चकती घेऊन मुलामावाल्या काकांकडे गेली.

मुलामावाले काका संस्थेतले सगळ्यांत जुने. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चकती उजेडात फिरवली.

"ही भट्टीवालीची ना?"

"कशावरून?"

"कडा बघा. एवढी साफ कड तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हती." थोडं थांबून ते म्हणाले, "तेव्हा ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, काका, मुलाम्याची तयारी करून ठेवा, ताई मुदत घेऊन येईल. मी यंत्र तापवून बसलो होतो."

दहा दिवसांनी चकती तयार झाली. दोन्ही अंगांना सोन्याचा पातळ पापुद्रा, त्याला केसासारख्या दोन तारा.

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीला काळा पडदा, टेबलावर दिव्याची मंद गुणगुण. तिने आधी ताण न देता आलेख घेतला. तोच जुना आलेख, सैल हद्द, वर लाटा. मग एक व्होल्ट दिला. लाटा हलल्या. तिला वाटलं टेबलाला धक्का लागला. पुन्हा घेतला. दोन व्होल्ट. लाटा एकमेकींपासून लांब सरकल्या, हद्दीखालचा आणखी प्रकाश आत राहायला लागला. तीन. आणखी लांब. पृष्ठभागावर उसळणाऱ्या प्रकाशाच्या लाटा असत्या, तर त्या अशा पसरल्या नसत्या. थराची जाडी काही विजेने बदलत नाही.

मग तिने तारा उलट जोडल्या. आता बाहेरचा ताण आतल्या ताणाच्या विरुद्ध जात होता. ती तो हळूहळू वाढवत गेली. लाटा आक्रसत आक्रसत हद्दीपाशी गोळा झाल्या आणि शेवटी मिटल्या. आणि जी हद्द बारा वर्षं सैल, गढूळ म्हणून नोंदलेली होती, ती सुरीच्या पात्यासारखी सरळ उभी राहिली. इतका स्वच्छ माल तिने आपल्या सबंध नोकरीत मोजला नव्हता.

तिने यंत्र बंद केलं नाही. ती स्टुलावर बसली. डोळ्यांसमोर आलेख नव्हता. मागची पायरी होती, आणि दुसऱ्याच्या डब्यात न विचारता घुसणारी बोटं होती. तिला वाटलं, आत्ता, या क्षणी, ती खांद्यावरून वाकून 'बघ!' म्हणाली असती तर. दुसरं काही नको. तेवढं एक 'बघ!'

घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिला ताण, लाटा यांतलं काही कळलं नाही, पण जे कळायचं ते नेमकं कळलं.

"म्हणजे तिचं बरोबर होतं."

"हो."

"आणि तुझं चूक."

"हो, आई."

"मग मला काय सांगतेस? माझ्या हातात काय आहे? भाजी." आईने जुडी बाजूला ठेवली. "रविवारी फोन येईल, तेव्हा तूच घे."

"फोनवर नाही सांगायचं हे."

"मग जा. पाय आहेत ना?"

ती गेली. आलेखांची गुंडाळी घेऊन, दिवसभर बसमध्ये अवघडून. वाटेत तिने काय बोलायचं ते वीस वेळा ठरवलं आणि वीस वेळा मोडलं. बहिणीचा पत्ता तिला पाठ होता. आईची पत्रं टपालात टाकायला तीच जायची.

धाकटी चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात होती. काचांवर चकाकी घालवणारा पातळ थर बसवायच्या विभागाची प्रमुख. फाटकावर निरोप दिला आणि थोरली बाकावर बसली. अर्ध्या तासाने निळ्या कोटातली एक बाई आली. केस कानांपाशी पांढरे झालेले, चष्मा लागलेला. थोरलीने मनात बाळगलेली धाकटी एकोणतीस वर्षांची होती. ही कोण, असं क्षणभर तिला वाटलं. मग त्या बाईने भुवया आक्रसल्या, आणि ओळख पटली.

"आई बरी आहे ना?" धाकटीचा पहिला प्रश्न.

"बरी आहे. मी कामासाठी आले."

"काम? माझ्याकडे?"

थोरलीने गुंडाळी उघडून बाकावर पसरली. वाऱ्याने कागद उडायला लागले, तेव्हा धाकटीने एका टोकावर आपली किल्ल्यांची जुडी ठेवली. तिने पहिला आलेख पाहिला, दुसरा पाहिला. उलट तारांचा शेवटचा आलेख आला, तेव्हा तिचं बोट हद्दीच्या उभ्या रेषेवरून वर गेलं आणि तिथेच राहिलं.

"एकसष्ट," ती म्हणाली.

"हो. लाटा सरकल्या."

"सरकणारच."

"तुला खात्री होती?"

"होती कसली, आहे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी त्या तुझ्याच आलेखाच्या प्रतीवरून हिशेब मांडला. लाटांमधली अंतरं. पृष्ठभागाच्या लाटा असत्या तर अंतरं एका चालीने गेली असती. ती वर जाताना जवळ जवळ येत होती. ताणाच्या लाटा तशाच येतात. तारा जोडायचीसुद्धा गरज नव्हती, ताई. नीट मोजलं असतं तर त्याच कागदावर होतं."

'ताई' हा शब्द तिच्या तोंडून सवयीने निघून गेला असावा. थोरलीला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही थोडा वेळ. मग तिने विचारलं, "मग मला कळवलं का नाहीस?"

"काय कळवू? तू मला विचारलं होतंस का?" धाकटीचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "तुझं चुकलं, त्याचं मला काही नाही. मोजणाऱ्याचं चुकतं. तू 'असाव्यात' लिहिलं असतंस, तर मी आजही तुझ्या शेजारी बसून जेवत असते. तू 'आहेत' लिहिलंस. तुला माहीत नव्हतं, तरी लिहिलंस. माझी बहीण म्हणवून घ्यायची तुला लाज वाटली त्या दिवशी."

"लाज नाही," थोरली म्हणाली. "भीती वाटली. लोक म्हणतील, घरच्या माणसासाठी काटा वाकवला. तो वाकू नये म्हणून मी दुसऱ्या बाजूने दाबला. दाबलेला काटा तो दाबलेलाच, हे समजायला मला इतकी वर्षं लागली."

धाकटी आलेखाकडे बघत राहिली. कारखान्याची घंटा झाली.

"मला जायला हवं," ती म्हणाली. "राहिलीयस कुठे?"

"अजून कुठेच नाही."

"मग घरी चल संध्याकाळी. आईने पाठवलं असणार, उपाशी परत पाठवलं तर मलाच बोलेल."

संध्याकाळी दार भाचीने उघडलं. दहा वर्षांची, डाव्या हातात पेन्सिल. तिने पाहुणीला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत ओरडली, "आई, फोटोतली मावशी आलीय!"

फोटोतली. म्हणजे या घरातही कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी फोटो विसरत होतं. थोरलीला दाराशीच उभं राहून हसावं की रडावं कळेना. मावशी ही हाक तिला आजवर कुणी मारलीच नव्हती.

जेवताना मेहुणे एकटेच बोलत होते. बिचारा भला माणूस, हवेवर बोलले, रस्त्यांवर बोलले, शेवटी मिठाच्या किमतीवर यायची वेळ आली तेव्हा भाचीने मध्येच विचारलं, "मावशी, तुम्ही दोघी भांडलात का?"

"हो."

"कुणाचं चुकलं?"

"माझं."

"मग सॉरी म्हणालीस?"

खरंच, आलेख दाखवले, काटा सांगितला, सगळं सांगितलं. पण तेवढं राहिलंच होतं. थोरलीने ताटावरून मान वर केली. "चुकलं माझं," ती धाकटीला म्हणाली. "नुसतं मोजण्यात नाही."

"जेव," धाकटी म्हणाली. "गार होतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने थोरली परतली. दोघींनी गळ्यात पडून रडावं असं काही झालं नाही. निघताना धाकटी म्हणाली, "हे छापायचं असेल तर अंतरांचा हिशेब माझ्याकडून घे. तुझं गणित कच्चं आहे."

मग पाच महिने कागद जात-येत राहिले. पाकिटात फक्त काम असायचं. 'तिसऱ्या लाटेचं स्थान पुन्हा तपास.' 'तापमान लिहिलं नाहीस.' थोरली ती दोन ओळींची चिठ्ठी चारचारदा वाचायची. त्यात तापमानाखेरीज काही सापडतं का ते बघायची. कधी सापडायचं नाही. एकदा समासात पेन्सिलने काढलेलं मांजर सापडलं, पण ते भाचीचं निघालं.

लेखाच्या शेवटच्या मसुद्यात थोरलीने एक परिच्छेद घातला: 'या नमुन्याविषयीचा पूर्वीचा अहवाल चुकीचा होता. नमुना निर्दोष होता. उपलब्ध मोजमापांवरून जो निष्कर्ष निघत नव्हता, तो मोजणारीने काढला.' मसुदा पाठवताना तिच्या मनात कुठेतरी होतं, की धाकटी एवढं खोडेल. 'कशाला हे, राहू दे' असं लिहील. मसुदा परत आला. धाकटीने दोन आकडे दुरुस्त केले होते, एक स्वल्पविराम घातला होता, आणि त्या परिच्छेदाशेजारी लिहिलं होतं, 'हे असंच ठेव.'

थोरलीला आधी लागलं. मग दिवसभराने, भांडी विसळताना, बरं वाटलं. धाकटी आता तिच्याशी खोटं वागत नव्हती.

लेख छापून आला. धाकटीचं नाव पहिलं, थोरलीचं दुसरं. जुने संचालक कधीच निवृत्त झाले होते. भट्टीच्या इमारतीत आता खुर्च्या ठेवतात. वरातीमागून घोडं म्हणतात तसलं हे घोडं, पण मुलामावाल्या काकांनी लेखाचं पहिलं पान आपल्या यंत्रावर चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवलं.

शाळेला सुट्टी लागली तसं रविवारी आईने फोनवर बोलता बोलता हाक मारली, "अगं, ते येतायत शुक्रवारी! आठ दिवस!" कोण कोण, हे विचारायचं थोरलीच्या जिभेवर आलं होतं. तिने विचारलं नाही. तिने तीन जणांच्या गाद्या उन्हात घातल्या. धाकटी डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपते, म्हणून एक गादी भिंतीशी लावली.

शुक्रवारी ती बसच्या वेळेआधी तासभर थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. एक म्हातारं जोडपं उतरलं, मग पिशव्या घेतलेल्या दोन बाया, मग मेहुणे, मग पाठीवर दप्तर अडकवलेली भाची. थोरली त्यांच्याकडे बघून हसली, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिची नजर दारावरच होती. आणखी एक माणूस उतरला. मग कुणी नाही. चालकाने दार ओढून घेतलं आणि बस निघून गेली, तरी ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"आई नाही आली," भाची म्हणाली.

"हो गं, दिसलं मला."

"ती म्हणाली, मावशीला सांग, कारखान्यात फार काम आहे." भाचीने वडिलांकडे पाहिलं आणि पुढे म्हणाली, "मग दारापर्यंत आली आणि म्हणाली, नको, तसं नको सांगूस. खरं ते सांग. आईला अजून यावंसं वाटत नाही."

"अजून?"

"हो. अजून, असं म्हणाली. मी दोनदा विचारलं, नीट आठवावं म्हणून."

मेहुणे संकोचून पिशव्या उचलायला लागले. थोरलीने भाचीचं दप्तर आपल्याकडे घेतलं. पुस्तकं कोंबून भरलेलं होतं, बरंच जड.

"आजी वाट बघतेय," ती म्हणाली. "चालत जायचं की रिक्षा करायची?"

"चालत," भाची म्हणाली, आणि तिने आपला डावा हात तिच्या हातात दिला.